साष्टीची मोहीम आणि वसईचा तहनामा

बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेस, दहिसर नदीपासून फार दूर नसलेल्या एका खडकात मंडपेश्वराची शैव लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या ऐन माथ्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती मठाच्या छप्पर हरपलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. खाली नटराजाची मूर्ती, तिच्या शेजारच्या एका भिंतीवरील मूळ शिल्प तासून त्या जागी उठवलेला क्रूस, आणि वर पाषाणात बांधलेले विद्यालय, असा हा दोन श्रद्धांचा आणि तीन राजवटींचा दस्तऐवज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु जवळच्या वस्तीतून रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोड्यांना तो वाचावासा वाटतो, याचे मला वाईट वाटते. इथून थोड्याच अंतरावर एक्सर गावात शिलाहारांच्या काळचे वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरलेली असून, देवगिरीच्या यादवांनी तेराव्या शतकात शिलाहारांचे उत्तर कोकणचे राज्य बुडवले त्या संग्रामाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. ही दोन्ही ठिकाणे ज्यावर आहेत त्या साष्टी बेटाचे भवितव्य पाण्यावर ठरते, हे एक्सरच्या पाथरवटाला माहीत होते. त्याच्यामागून इथे आलेल्या राज्यकर्त्यांपैकी काहींना ते उमजले, काहींना उमजूनही त्याची तजवीज करता आली नाही, आणि ज्यांना ती करता आली त्यांना या बेटावरच्या रयतेचे मन राखता आले नाही. १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत साष्टी व वसई प्रांतात जे घडले, त्याचा विचार या दृष्टीने झाला पाहिजे.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात वसईचा मुलूख, साष्टी आणि मुंबई बेटासह, पोर्तुगिजांना तोडून दिला. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने केलेला हा करार दोनशे वर्षे टिकला. वसई ही फिरंग्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली, आणि वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतची साष्टीची भातशेती, ताडमाडांच्या बागा, मिठागरे व कोळीवाडे त्या प्रांताचे धान्यकोठार बनले. सैनिकाच्या पाठोपाठ पाद्री आले. फ्रे आंतोनियु द पोर्तू या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने मंडपेश्वर व कान्हेरी येथील लेण्यांचा ताबा घेऊन तेथे ख्रिस्ती उपासनास्थाने स्थापन केली, ती सोळाव्या शतकाच्या मध्यासच. गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षणाचे न्यायासन बसले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचू लागला. हिंदूंची जाहीर पूजाअर्चा, मिरवणुका व नवी देवळे यांवर बंदी आली. पित्याच्या मृत्यूने पोरक्या झालेल्या हिंदू मुलांना सरकारी ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचा जो कायदा होता, त्याची दहशत तर अशी की, घरातला कर्ता पुरुष गेला म्हणजे मुलांना रातोरात खाडीपार पाठविण्याची वेळ कुटुंबांवर येई. पुष्कळ कोळी, कुणबी, आगरी, भंडारी व पाचकळशी घराणी ख्रिस्ती झाली, पण त्यांची बोली मराठीच राहिली, लग्नातल्या कित्येक चाली त्यांनी सोडल्या नाहीत, आणि जातिभेदही सोडला नाही. ज्या दोन समाजांमध्ये पुढे वैर पेटण्याचा संभव होता, ते मुळात एकाच गावकीचे, एकाच भातखाचरावर राबणारे लोक होते, ही गोष्ट या इतिहासात पदोपदी ध्यानात ठेवावी लागते.

पोर्तुगिजांच्या लष्करी व्यवस्थेचा पाया जमिनीच्या धाऱ्यात होता. राजाने साष्टीची गावे आपल्या सरदारांना, त्यांच्या विधवांना आणि धर्मसंस्थांना ठराविक वर्षासन घेऊन पिढ्यांच्या कराराने दिली होती, आणि त्याच्या बदल्यात गावच्या धन्याने घोडा बाळगावा, हत्यारे तयार ठेवावीत आणि प्रसंगी प्रांताच्या रक्षणासाठी हजर व्हावे अशी शर्त असे. ही शर्त पहिल्या शतकात पाळली गेली. पुढे गावांचे उत्पन्न वसईच्या प्रासादांत आणि मेजवान्यांत खर्च होऊ लागले, घोडे कागदावर उरले, आणि जेझुइटांच्या हाती गेलेल्या विस्तीर्ण जमिनींमुळे राजाच्या खजिन्यात पडणारा वसूल उत्तरोत्तर आटला. किल्ल्यांच्या तटांवर तोफा होत्या, पण कित्येकांचे गाडे कुजलेले होते, आणि गोलंदाजी जाणणारी माणसे विरळ होती. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्याहून या प्रांताच्या किल्ल्यांची तपासणी झाली, तेव्हा ठाण्याच्या खाडीवरील पहारा किती दुबळा आहे हे सरकारच्या स्पष्ट निदर्शनास आले होते. मराठे त्या वेळी कल्याण-भिवंडी ताब्यात घेऊन खाडीच्या पलीकडच्या काठावर येऊन बसले होते, आणि १७३० मध्ये त्यांनी भिवंडीजवळचे कांबे जिंकून आपला इरादा दाखविलाही होता. तरी सुधारणा झाली नाही, कारण सुधारणा म्हणजे गावांच्या धन्यांकडून त्यांच्या शर्ती वसूल करणे, आणि तेच धनी प्रांताच्या कारभारात बसलेले होते.

अखेरीस व्हाइसरॉय कौंट द सांदोमिल याच्या कारकिर्दीत ठाण्याला नवा भक्कम किल्ला बांधण्याचे काम निघाले. उपाय योग्य होता, पण तो अमलात आणण्याची रीत घातक ठरली. उत्तर प्रांताचा सेनापती दों लुईश बोतेल्यु याने किल्ल्याच्या खर्चासाठी रयतेवर पट्टी बसविली, आणि जिच्या रक्षणासाठी म्हणून तट चढत होता तिच्याच मनात त्या तटाविषयी तिरस्कार उत्पन्न झाला. या बोतेल्यूने बाजीरावांच्या वकिलाचा भर दरबारात अपमान करून पेशव्यांविषयी अपशब्द काढले अशी कथा आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, मराठ्यांच्या छावणीत ती सांगितली जात होती आणि तिने युद्धाला तोंड फुटण्यास मदत केली. परंतु पुण्याला निर्णायक कारण मिळाले ते साष्टीच्या आतून. मालाडचे देसाई अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेटे घालून, खाडीचे उतार, ओहोटीच्या वेळा, तटाचा कुठला भाग अपुरा आहे आणि कोणत्या गावातून माणूस व दाणागोटा मिळेल याची बित्तंबातमी पुरविली. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा आग्रह त्याला धर्माचे अधिष्ठान देत होता. आपल्याच मुलखातील प्रतिष्ठित वतनदार शत्रूला वाटा दाखवू लागले, त्या दिवशीच फिरंग्यांच्या हातून साष्टी निम्मी गेली होती, असे माझे मत आहे.

१७३७ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बाजीराव खुद्द दिल्लीच्या परिसरात मोगल दरबाराला हादरा देत असताना, कोकणात मराठ्यांची फौज रात्रीच्या वेळी कळव्याच्या बाजूने खाडी उतरली आणि अपुऱ्या तटाच्या ठाणे किल्ल्यावर चढून गेली. खंडोजी माणकर, शंकराजी केशव फडके, रामाजी महादेव बिवलकर ही माणसे या कामात पुढे होती, आणि अंजूरकर नाईक वाटाड्ये होते. बोतेल्यु करंजाकडे निघून गेला. ठाणे पडताच घोडबंदरासह बेटाचा बहुतेक अंतर्भाग मराठ्यांच्या अमलाखाली आला. पोर्तुगिजांकडे उरली ती समुद्राला लागून असलेली ठाणी : वांद्रे, वेसावे, आणि आजच्या बोरीवलीच्या समोर, गोराईच्या खाडीपलीकडच्या उत्तन-भाईंदरच्या पट्ट्यातील धारावीचा किल्ला. बोरीवली, मागाठाणे, पोयसर, एक्सर ही गावे दोन वर्षे या दोन सत्तांच्या मधल्या पट्टीत सापडली. दिवसा वसूल मागायला एकाची माणसे यावीत आणि रात्री खाडीतून दुसऱ्याची होडी यावी, अशा स्थितीत कुणब्याने नांगर धरावा तरी कोणाच्या भरवशावर? साष्टीतील अनेक कुटुंबे या धामधुमीत मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला गेली, आणि मुंबई शहराच्या वाढीला त्याने हातभारच लागला.

एका रात्रीत जिंकलेले बेट पुरते ताब्यात यायला दोन वर्षे का लागली, हा प्रश्न या मोहिमेचा गाभा आहे. मराठ्यांचे युद्धतंत्र घोड्यावर उभारलेले होते. शत्रूच्या रसदीभोवती फिरणे, त्याला उपासमारीने जेरीस आणणे, अनुकूल असेल तेव्हाच गाठणे आणि नसेल तर वाऱ्यासारखे निघून जाणे, यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पण तिन्ही बाजूंनी समुद्र व खाडीने वेढलेल्या आणि पाण्यावरून रसद मिळणाऱ्या वसईसारख्या दुर्गापुढे घोडदळ निरुपयोगी होते. १७३७ मध्ये शंकराजी केशवांनी वसईवर शिड्या लावून केलेले प्रयत्न पुष्कळ माणसे गमावून फसले. त्यानंतरचा हंगाम निजामाशी झगडण्यात गेला. बाजीराव भोपाळला निजामाला कोंडीत धरून बसले होते, आणि त्यांचे बंधू चिमाजीआप्पा निजामाच्या मुलाची फौज उत्तरेकडे जाऊ नये म्हणून खानदेशात पाळत ठेवून होते, त्यामुळे कोकणातल्या सैन्याला पुरेसे बळ मिळेना. ही संधी पोर्तुगिजांनी साधण्याचा यत्न केला. १७३८ च्या अखेरीस पेद्रु द मेलु याने ठाणे परत घेण्यासाठी गलबतांनिशी चाल केली, परंतु मराठ्यांच्या तोफेने तो स्वतःच ठार झाला.

त्यानंतर चिमाजीआप्पा जातीने कोकणात उतरले, आणि मोहिमेचे स्वरूप पालटले. मोठ्या दुर्गाला हात घालण्यापूर्वी त्याच्या भोवतीचे आधार काढून घ्यावयाचे, हा क्रम त्यांनी धरला. १७३९ च्या जानेवारीत माहीम-केळवे, शिरगाव व तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हा पेशवे घराण्याच्या जिव्हाळ्याचा सरदार पडला, आणि त्या दुःखाची नोंद तत्कालीन पत्रांतून आजही मनाला भिडते. पुढे वेसावे पडले, आणि मार्चच्या प्रारंभी धारावी पडली. त्यामुळे वसईच्या खाडीच्या तोंडावर मराठ्यांच्या तोफा आल्या आणि साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरची ये-जा संपली. मुंबईच्या इंग्रजांनी या काळात पोर्तुगिजांना दारूगोळा पुरविला, पण माणसे देण्याचे टाळले, आणि आपल्या बेटाला धोका नको म्हणून वांद्र्याचा कोट पाडून टाकण्याचा सल्ला दिला, तो पोर्तुगिजांना ऐकावा लागला.

फेब्रुवारीच्या मध्यास वसईभोवती मोर्चे बसले. वाळूत खंदक खणीत तटाच्या जवळ सरकणे, दमदम्यांवर तोफा चढविणे आणि बुरुजांखाली सुरुंग नेणे हे काम मराठा शिपायाला अनोळखी होते. ते त्याने त्या तीन महिन्यांत, शत्रूच्या गरनाळांच्या वर्षावाखाली आत्मसात केले. लष्करी सुधारणा म्हणून ज्या गोष्टीचे आज आपण गंभीरपणे विवेचन करतो, ती इथे राजधानीतल्या मसलतीत न होता खंदकाच्या तोंडाशी झाली. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे मैदानी लढाईत वाढलेले सरदार या मोर्च्यांत पायउतार होऊन राबले. आतल्या बाजूला सेनानी मार्तीन्यु द सिल्वैरा मारला गेला. त्याच्या जागी काएतानु द सोझा पेरैरा याने धैर्याने किल्ला लढविला, आणि सान सेबास्त्यांव बुरुजाला सुरुंगाने खिंडार पडल्यावरही त्या खिंडारात दोन दिवस रण माजले होते. मराठ्यांची मनुष्यहानी हजारांनी मोजावी लागली. तिकडे नादिरशहा दिल्लीत शिरल्याच्या बातम्यांनी बाजीरावांना उत्तरेची चिंता लागली होती. वसईचा निकाल पावसाळ्यापूर्वी लागला नसता, तर वेढा उठवावा लागला असता, यात मला शंका वाटत नाही.

१६ मे १७३९ रोजी तहनामा ठरला आणि २३ मे रोजी मराठ्यांनी किल्ल्यात प्रवेश केला. इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगाने हेच दिवस ५ व १२ मे असे येतात, म्हणून मराठी ग्रंथांत दोन्ही तारखा आढळतात. या तहनाम्याची कलमे काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहेत. पराभूत सैन्याला हत्यारांसह, वाद्ये वाजवीत, निशाणे फडकावीत बाहेर पडू द्यावे. जे कुटुंबकबिल्यासह जाऊ इच्छितील त्यांना आपली जंगम मालमत्ता नेता यावी. धर्मगुरूंनी आपली पूजासामग्री न्यावी. आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा व त्यासाठी काही चर्चगृहे शाबूत राहावीत. तीन महिने मोर्च्यांत माणसे मेलेली असताना, खिंडार पडलेले असताना, आणि दोनशे वर्षांच्या धर्मच्छळाची आठवण सैन्याच्या मनात ताजी असताना, कत्तल व लूट यांचा मोह सेनापतीने आवरला. त्या काळी युरोपात किंवा हिंदुस्थानात तटाला खिंडार पडल्यावर शहराची काय दशा होई, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या संयमाचे मोल निराळे सांगायला नको.

पोर्तुगिजांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे या युद्धात त्यांची आठ शहरे, वीस किल्ले आणि ३४० गावे गेली. या मुलखाची घडी बसविण्याचे काम सरसुभेदार म्हणून शंकराजी केशव यांच्याकडे आले. उजाड गावांना कौल द्यावा, पळालेल्या रयतेला अभय देऊन परत बोलवावे, पहिली काही वर्षे सारा सूट करून पुढे तो चढत्या दराने घ्यावा, बांध फुटून खारे पाणी शिरलेली खाजणे पुन्हा लागवडीस आणावीत, ही मराठी मुलकी कारभाराची परिचित पद्धत होती, आणि साष्टीच्या किनाऱ्याला तिची फार गरज होती. ज्याला कौल द्यावयाचा तो कुणबी किंवा कोळी अनेक गावांत ख्रिस्ती होता. गोरे पाद्री निघून गेले होते, आणि त्यांची जागा गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी घेतली. १७६० मध्ये आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान कान्हेरी पाहायला या बेटावर आला, तेव्हा मराठी अमलातही ठाण्यास ख्रिस्ती उत्सव उघडपणे चालत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. मंडपेश्वरासह पुष्कळ मठ व चर्चगृहे या काळात ओस पडली व मोडली. त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या, आणि त्यांतील काही भीमाशंकर व नाशिकच्या नारोशंकर यांसारख्या देवालयांत आजही टांगलेल्या आहेत. पुढे माधवरावांच्या कारकिर्दीत उच्चवर्णीय हिंदूंना वसईत वसविण्यासाठी आणि बाटलेल्यांच्या शुद्धीच्या खर्चासाठी पट्टी बसली. ठाण्याच्या तटासाठी बोतेल्यूने बसविलेली पट्टी जर अन्याय्य होती, तर ही पट्टीही त्याच न्यायाने पाहिली पाहिजे. तरीसुद्धा दोन्ही राजवटींत अंतर आहे, आणि ते मोठे आहे : मराठ्यांनी पोरक्या मुलांना हिरावून नेले नाही, श्रद्धा तपासणारे न्यायासन बसविले नाही, आणि धर्माच्या कारणाने कुळाची जमीन काढून घेण्याचे धोरण ठेवले नाही. साष्टीत १७३९ नंतर धर्मद्वेषाचा वणवा पेटला नाही, याचे श्रेय या तीन नकारांना आहे.

ज्या गोष्टीत मराठे कमी पडले ती एक्सरच्या वीरगळांवर कोरलेली होती. वसई हाती आल्यावर पेशव्यांनी तेथे आपले आरमार उभारले खरे, परंतु पुण्याचे लक्ष उत्तरेकडे लागलेले होते, आणि १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचा बीमोड करताना इंग्रजांची मदत घेऊन किनाऱ्यावरचे सर्वांत समर्थ स्वदेशी आरमार पेशव्यांनी स्वतःच बुडविले. चिमाजीआप्पा तोपर्यंत हयात नव्हते. बाजीरावांच्या पाठोपाठ, १७४० च्या डिसेंबरात ते वारले होते. इंग्रजांनी १७३९ च्या जुलैतच कप्तान इंचबर्डला पाठवून पेशव्यांशी व्यापाराचा तह केला होता, पण साष्टीवरची त्यांची नजर कधीच हटली नव्हती. मुंबईचे अन्न आणि मुंबईचे रक्षण दोन्ही याच बेटावर अवलंबून होते. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्याचा दरबार दुभंगला, पोर्तुगिजांचे आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची आवई उठली, आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. सदतीस वर्षांपूर्वी मराठ्यांनी अपुऱ्या तटावरून जिंकलेले तेच ठाणे त्यांनी अपुऱ्या आरमारामुळे गमावले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम झाली.

गोराई, कुळवे, मनोरी, उत्तन येथील ख्रिस्ती गावे मात्र या साऱ्या उलथापालथीतून जिथल्या तिथे राहिली. १८८७ पासून ते लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागले, आणि त्यांच्या घरांत आजही मराठीचीच एक जुनी बोली बोलली जाते. हा वारसा वसईच्या तहनाम्यातील कलमांनी सांभाळला आहे, खिंडारातल्या तलवारीने नव्हे. य. न. केळकरांनी वसईच्या मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचले, त्यामुळे आपल्याला या घटनांचे कागद उपलब्ध आहेत. शाळेच्या पुस्तकांत मात्र सुरुंग आणि बुरूज यांचीच वर्णने येतात. महाराष्ट्राच्या शिक्षणखात्याला माझी विनंती आहे की, त्या वर्णनांच्या शेजारी तहनाम्याची कलमेही मराठीत छापावीत, आणि बोरीवलीच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एकदा मंडपेश्वरी जावे व ती कलमे तेथे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.